ओली खेळपट्टी

रात्रभर ताडपत्रीवर पाऊस.
सकाळी मिरजेच्या मैदानात
मन्सूरचाचांनी गुडघे टेकून
बोटाच्या पेरानं खेळपट्टी वाजवली,
घरी तंबोऱ्याचा भोपळा वाजवतात तशी.

"ओली हाय. आत्ता बोलत न्हाई.
ऊन पडल्यावर बोलंल,
मग कुणाचं ऐकायची न्हाई."

नाणेफेक जिंकून मी बॅटिंग घेतली.
चौऱ्याण्णववर चार,
आणि डाव सोडला.
आमचेच लोक शिव्या देत होते.

अडीचला ऊन आलं.
काळ्या मातीनं साय धरली.
एक चेंडू घोट्याशी, पुढचा हनुवटीशी.
त्यांच्या सहा जणांना
भोपळा फुटला नाही.

चाचा नखातली माती काढत
सीमारेषेपाशी बसलेले.
स्कोअर विचारलाच नाही.
"कृष्णेवरनं ढग येतोय," म्हणाले,
"उद्या हिच्यावर
तुम्हालाच खेळायचंय."