खर्चाच्या रकान्यात

डबाबंद माशांचा कारखाना मिटला, तरी
अटलांटिकच्या वाऱ्याला न जुमानता
सार्डिनचा वास आणखी अकरा वर्षं राहिला
भिंतींत, पडद्यांत, झुल्मीराच्या केसांत.
माणसं मात्र लगेच गेली.

पालिकेत मी हिशेबनीस.
ठराव आला : कारखान्याच्या कोठीत नाटकघर, चाळीस हजार युरो.
मी शेजारी लाल शाईनं लिहिलं, अनुत्पादक.
आंद्रादे म्हणाला, आधी गटारं.
खरंच होतं त्याचं. तुंबलेलीच होती.
ठराव एका मतानं तरला,
तेही पेंगणाऱ्या फोन्सेकाचा हात
चुकून वर गेला म्हणून.

पहिल्या खेळाला सव्वीस माणसं,
त्यातली नऊ नटांच्या घरची.
पण खेळ सुटला साडेदहाला,
आणि नाटक बघून माणसाला भूक लागते
हे माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

झुल्मीरानं त्या रात्री तव्यावरचे शेवटचे सहा मासे विकले.
पुढच्या आठवड्यात पाव जास्त मागवला.
पाववाल्यानं भाच्याला पहाटेच्या पाळीला घेतलं,
भाच्यानं हप्त्यावर स्कूटर.
शेवटची ट्राम नऊवरून बारावर गेली.
सुतार एव्हारिश्तो, नुसत्या शवपेट्या ठोकणारा,
आता सिंहासन करतो, होडी करतो.
एकदा त्यानं प्लायवूडचा चंद्र केला
आणि बिल पाठवलं :
चंद्र, नग एक, एकशे दहा युरो, कर वेगळा.

चंद्र कुठल्या सदराखाली टाकायचा
यात माझा अर्धा दिवस गेला.

सगळं गोडच झालं असं नाही.
मागच्या गल्लीतली भाडी चढली.
त्याच कोठीत तीस वर्षं मासे साफ केलेली अल्सीना
सामान बांधून लेकीकडे गेली, लांब, टेकडीपलीकडे.
तिला नाटकाला बोलवायचं कुणाला सुचलं नाही.
हेही मी लिहून ठेवलंय. समासात, पेन्सिलीनं.

यंदा आंद्रादेनं पुन्हा गटारं काढली.
मी वही पुढे सरकवली :
ती उपसली त्या पैशाचा उगम, उपाहारगृहांचा कर.
तो म्हणाला, म्हणजे नाटकवाल्यांनी गटार उपसलं?
मी म्हटलं, तसं म्हण.

अनुत्पादक हा शब्द जुन्या पानावर तसाच आहे.
आमच्यात खाडाखोड चालत नाही.

रात्री उशिराच्या ट्राममधून दिसतो
नाटकघराच्या मागल्या दारी टेकवलेला चंद्र,
कडेला ओल धरलेला.
नव्या खेळात तो सूर्य होणार आहे म्हणे.
रंगाचं बिल यायचंय.