कुठलं धरण?

आई फोनवर विचारते, "तुझं काम नेमकं काय गं?"
मी म्हणते, पुनर्वसन.
ती जरा थांबते.
"तिकडंही धरण झालं होय?"

नाही आई. डुलुथला धरण नाही.
सरोवर आहे, पलीकडचा काठ न दिसणारं,
एप्रिल आला तरी बर्फ न सोडणारं.
सरकारी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल, दोन खुर्च्या,
आणि खुर्चीएवढी एक मोकळी जागा
ज्यांची खुर्ची सोबत येते, त्यांच्यासाठी.

तिथं वेंडेल कांगास येऊन थांबला.
एकोणपन्नास वर्षांचा. खनिजाच्या धक्क्यावर सव्वीस वर्षं,
मग एक शिडी, एक निसरडी पायरी.
फॉर्मवर पहिला रकाना : मर्यादा. सहा ओळी.
मागच्या पानावर, तळाशी : क्षमता. एक ओळ.
मी नेहमी मागच्या पानापासून सुरू करते.
तो म्हणाला, "लिहा, कॉफी फार वाईट करतो."
मी लिहिलं.

मग मी त्याला फोनवर बोलायची नोकरी मिळवून दिली.
पगार बरा, रॅम्प नवा, साहेब हसतमुख.
दहाव्या दिवशी हेडफोन
प्लास्टिकच्या पिशवीत, माझ्या दाराच्या मुठीला.
मला राग आला. खोटं कशाला सांगू?
आठवडाभर त्याच्या फाइलकडे बघितलं नाही.

नव्वद दिवस नोकरी टिकली की
फाइल बंद होते इथं, शिक्का बसतो : यशस्वी.
तो शिक्का हातात घेतला की मला
आबाजी बेलोसे दिसतो.
आमच्या गावचा तरीवाला.
गाव पाण्याखाली गेलं तेव्हा त्याला
माळावर प्लॉट मिळाला, नंबर एकशे बारा,
पाणी टँकरचं, दिवसाआड.
होडी विकली. वल्हं नाही विकलं.
पत्र्याच्या शेडीला टेकवून ठेवलं,
पुढं सुनेनं त्यावर धुणं वाळत घातलं.
कागदावर होतं : पुनर्वसन पूर्ण.
त्याला काय येतं, हे कुणी विचारलं नव्हतं.
मी तेव्हा नऊ वर्षांची. मीही नव्हतं विचारलं.

मग मी वेंडेलच्या घरी गेले, टेप घेऊन.
न्हाणीचं दार सव्वीस इंच.
खुर्ची सत्तावीस.
दोन वर्षं तो खुर्ची बाहेर ठेवून
फरशीवरून आत सरकत होता.
फॉर्मवर त्याला रकाना नाही.
"सांगितलं का नाहीस?"
"तुम्ही नोकरीचं विचारत होतात."

तळघरात, अकरा पायऱ्या खाली,
धार लावायचं एक जुनं यंत्र धूळ खात होतं.
शेजारची पोरं बर्फावरच्या खेळाचे बूट घेऊन
अजून दार वाजवायची, तो नाही म्हणायचा.
यंत्र वर आणायला मंजुरी लागली चार महिने.
दार रुंद झालं. यंत्राचं टेबल तीन इंच खाली आलं.
आता रिंकच्या कोपऱ्यात तो बसतो,
ठिणग्या, तेलाचा वास, अंगठ्याच्या नखावर पात्याची परीक्षा,
आणि खरोखर भयंकर कॉफी.

सत्त्याऐंशीव्या दिवशी त्याला बसून बसून जखम झाली.
दवाखाना, सात आठवडे.
नियमाप्रमाणे मोजणी पुन्हा एकपासून.
मी चाचरत सांगितलं.
"मोजा तुम्ही," तो म्हणाला, "शनिवारी चौदा जोड आहेत."

आई म्हणते, "मग मिळालं का त्याला काही?
जागा, जमीन?"
"तीन इंच, आई."
"म्हणजे किती गं?"
"चार बोटं."
पलीकडे ती गप्प झाली.
बांगड्या वाजल्या.
कशावर तरी बोटं टेकवून बघत होती,
कशावर, ते कळलं नाही.