तळाची फळी

या खोऱ्यात एकशे बारा टपालपेट्या.
कुणाकडे दंडाची नोटीस, कुणाकडे परदेशातल्या मुलीचं पत्र,
वजनावरून कळतं मला.
आणि हे पाकीट तर
डिसेंबरच्या अंधारातही हाताला ओळखू येतं :
आत खुळखुळणारी नळी,
नळीच्या झाकणाला काडी.

पन्नाशीनंतर सरकार पाठवतं.
परसाकडला जाऊन आलं की
त्यातला कणभर काडीला लावायचा,
झाकण घट्ट करायचं, टपालात टाकायचं.
जो रक्ताचा ठिपका आपल्याला दिसत नाही
तो दूर ल्युब्लियानात कुणाला तरी दिसतो.
एवढंच.

एवढंच, पण बोलणार कोण?
इथली माणसं हिवाळ्यात अंगणात डुक्कर कापतात,
आतडी उलटी करून धुतात, फुंकून बघतात,
मसाला भरून शेजाऱ्याला वाढतात,
आणि स्वतःच्या आतड्याचं नाव काढलं
की खिडकीबाहेर ढग मोजतात.

माझा त्सिरिल त्यातलाच.
त्याचं पाकीट मीच आणलं,
मीच ताटाशेजारी ठेवलं.
"कुठं काय दुखतंय मला?"
दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणे.
हे मुंगीच्या पावलांनी आलं,
किती वर्षं चालत होतं देव जाणे,
आणि हत्ती झाल्यावर दिसलं.
पाकीट नंतर सापडलं,
मुळ्याच्या बियांच्या खणात, न फोडलेलं.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
झाकल्या पाकिटाचं मोल मला विचारा.

तेव्हापासून मी ते पेटीत टाकत नाही.
दार वाजवते. नियमात बसत नाही.
साहेबांना माहीत आहे.

फेब्रुवारीत लोव्रो कोस्माचकडे गेले.
म्हातारा मधमाश्यांच्या रंगीत पेट्यांपाशी ओणवा,
एका पेटीखालची फळी ओढून
भिंगातून कचरा वाचत होता.
"थंडीत पोळं उघडायचं नसतं, मिलोयका.
खाली काय पडलंय ते बघायचं.
मेणाचा चुरा, गोचिडी, मेलेल्या माश्या.
आत उपासमार आहे की रोग,
सगळं तळाशी लिहिलेलं असतं."

मी काही बोलले नाही.
पाकीट त्या फळीवर ठेवलं.

तेवढ्यात ऊन पडलं,
आणि एक माशी बाहेर आली.
महिनाभर धरून ठेवलेलं
बर्फावर टाकलं तिनं, पिवळा ठिपका,
आणि न लाजता आत गेली.
लोव्रो आधी माशीकडे बघत होता, मग माझ्याकडे.
"तू मोठी वस्ताद आहेस," म्हणाला.
कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, थंडीनं असतील.

मंगळवारी ते परतीचं पाकीट माझ्या पिशवीत होतं.

एप्रिलमध्ये तपासणीत दोन गाठी निघाल्या,
वाटाण्याएवढ्या. बघता बघताच खुडल्या.
"मी झोपेत होतो," तो कुंपणावरून ओरडला,
"आणि काय गं, आदल्या दिवशीचं ते रेचक!
त्याच्याबद्दल बोलली नाहीस तू!"
सगळ्या गल्लीनं ऐकलं.
मला तेच हवं होतं.

आज पिशवीत तीन आहेत.
पहिलं बर्ता झुपानचं, बासष्ट वर्षांची,
कुत्रा चावरा, स्वभाव त्याहून.
पडदा हलला. घरात आहे ती.
मी पुन्हा वाजवते.