पत्ता

एर्देनेतमध्ये ऑक्टोबर लागला की खिडक्यांच्या फटींत
कापसाच्या वाती कोंबायच्या, वरून कागद चिकटवायचे,
आणि मग सी शिकवायला घ्यायची.
एकतीस मुलं, एकोणीस संगणक.
गरम पाइपाजवळची जागा आधी भरते,
फळ्याजवळची शेवटी.

पहिल्या तासाला नमनालाच घडाभर तेल.
ही ओळ कशाला? नंतर सांगेन.
हा महिरपी कंस? नंतर.
इतकं ‘नंतर’ मी पोटच्या पोराला ऐकवलं नसेल.
शेवटी पडद्यावर उमटतं एकदाचं:
बरे आहात ना?
आणि खाणीतल्या डंपरवाल्याचा आडदांड बिलेगसाइखान
मान लववून यंत्राला सांगतो, बरा आहे.

अर्धविराम विसरतो चौदाव्या ओळीत,
यंत्र बोंबलतं पंधरावीवर.
मी म्हणते, दाढ किडते आणि कान ठणकतो, तसं.
हसत नाही कुणी.
लिहून घेतात.

डिसेंबरात बिलेगसाइखानचा गृहपाठ आला, बिनचूक.
पहिल्याच टिपणीत नाव: दुलमा.
“नाव तेवढं बदलायचं राहिलं, बाई.”
दुलमा कोपऱ्यात, अंगात कोट तसाच,
बोटांवर फुंकर घालत बसलेली.
काही म्हणाली नाही.

मग पॉइंटरचा आठवडा.
अकरा वर्षं मी तेच चौकोन काढत आले.
चौकोनात सात. चौकोनाखाली पत्ता.
पलीकडे दुसरा चौकोन, त्याच्या पोटात तो पत्ता.
नावाआधी तारा लावा,
म्हणजे पत्त्यावर जाऊन दार वाजवल्यासारखं.
एकतीस चेहरे, उणे वीस अंशांतल्या काचेसारखे.
कुठे पेंड खातंय घोडं? मी विचारलं.
आमच्याकडे घोडं म्हटलं की माना तरी वर होतात.

दुलमा उभी राहिली.
“आमचं गेर वर्षातून चारदा हलतं, बाई.
एकदा मी शाळेतून शरदाच्या मुक्कामी गेले,
निरोप पोचलाच नव्हता.
ओढा तोच, खडक तोच, जागा अचूक.
गवतावर फिकट गोल,
मधोमध चुलीचा काळा डाग.
पत्ता चुकला नव्हता.
घरच नव्हतं.”

खडू माझ्या हातात तसाच.
अकरा वर्षांत फळ्यावर मी गोल काढला नव्हता.
काढला. पुसट, एका ठिकाणी तुटलेला.
मागून कुणीतरी विचारलं, मग तू काय केलंस?
“रात्र काढली. सकाळी चाकांच्या खुणा धरून निघाले.”
सी मध्ये चाकांच्या खुणा नसतात, मी म्हणाले.
हे मात्र लिहून घेतलं नाही कुणी.

त्या तासानंतर ती कार्यालयात गेली.
प्रवेश-अर्जात ‘कायमचा पत्ता’ समोर
कारकुनाच्या तगाद्यापायी मावशीची इमारत लिहिली होती,
चौथा मजला, जिथे ती कधी झोपली नव्हती.
तिने ते खोडलं.
वर शून्य लिहिलं.
कारकून माझ्याकडे आला, कागद नाचवत.
मी म्हटलं, असू दे,
खोट्या जागेपेक्षा शून्य बरं,
निदान तिथे कुणी दार वाजवायला जात नाही.
तो म्हणाला, बाई, तुम्ही सुट्टी घ्या.

परीक्षेत मागून घेतलेली जागा
बहुतेक मुलं परत करत नाहीत.
प्रोग्राम चालतो, उत्तर येतं, कुणाला काय पडलंय.
दुलमाच्या वहीत प्रत्येक मागण्यासमोर एक परतफेड,
आणि नंतर पॉइंटरच्या हातात शून्य.
कुणी शिकवलं? मी तर तो भाग घाईत उरकला होता.
“निघताना आई राख पुरते,” ती म्हणाली,
“खुंट्यांची भोकं बुजवते,
खिळासुद्धा उचलते.
गुरांच्या पायात जातो ना.”

मी तिला अठ्ठ्याण्णव दिले.
दोन गुण एका अर्धविरामाचे.
बिलेगसाइखान पास झाला, या खेपेस स्वतःच्या नावाने.

मार्चमध्ये खिडक्यांवरचे कागद काढताना
वाती ओल्या निघतात, काळ्या.
मी एकेक उचलते,
जमिनीवर पडलेल्याही.