कुलूप

त्या जुलैपर्यंत आमचं सगळं लिखाण
सान्तियागोतल्या एका यंत्रात राहायचं,
बाराशे किलोमीटर उत्तरेला.
आणि आम्ही कास्त्रोत, खांबांवरच्या लाकडी घरात,
फळ्यांखाली भरतीचं पाणी, पत्र्यावर गारा,
शिंपले वाढवणाऱ्यांसाठी
पाण्याचं तापमान सांगणारा प्रोग्राम लिहायचो.

फाइल उघडायची तर आधी कुलूप घ्यायचं.
एकानं घेतलं की बाकीच्यांनी कॉफी प्यायची.
ओविदिओनं एकदा घेतलं
आणि दाढ काढायला पुएर्तो मोंतला गेला.
समुद्र खवळला. फेरी बंद.
तीन दिवस भरतीचं कोष्टक
त्याच्या सुजलेल्या गालाआड.

तो परतल्यावर बैठक झाली.
एलियाना म्हणाली, सगळ्यांकडे सगळं ठेवू.
पहिल्या ओळीपासूनचा इतिहास,
चुकांसकट, ज्याच्या-त्याच्या मशीनवर.
ओविदिओ गाल धरून म्हणाला,
"मग खरी प्रत कुठली?"

कुणालाच उत्तर येईना.
शेवटी फोनवरून रोसाउरा बोलली,
आचाओहून, जिथं नेटवर्क
पाहुण्यासारखं येतं, न सांगता जातं:
"आत्ता माझ्याकडे कुठलीच नाहीये."

असं ठरलं. हात वर करून वगैरे नाही,
ओविदिओनं खिडकीबाहेर बघितलं, एवढंच.

ऑगस्टात नावेल आणि मी
एकाच रात्री एकच ओळ बदलली.
त्यानं अकरा अंश लिहिले, मी बारा.
पूर्वी जो शेवटी, तो खरा;
आधीचा बिनबोभाट पुसला जायचा.
आता मशीननं दोन्ही आकडे
एकाखाली एक मांडले, मध्ये रेघ ओढली,
आणि गप्प बसलं.
फोन करावाच लागला.
मी पुस्तकातून घेतला होता आकडा;
त्यानं तराफ्यावर पालथं पडून
कोपरापर्यंत हात पाण्यात घातला होता.

अकरा राहिले.
माझे बाराही आहेत, खाली, इतिहासात,
माझ्या नावासकट, पहाटे दोन चाळीस.
कधी जाऊन बघते मी ते.

कुलूप जाऊन आता वर्ष झालं.
ओविदिओ तरी रोज सकाळी विचारतो,
"ही फाइल कुणी घेतलीय का?"
आम्ही म्हणतो, नाही, घ्या.
संध्याकाळी त्याची एक ओळ येते: "सोडली."
काय सोडलं, ते कुणी विचारत नाही.