पोस्टकार्डाएवढी फट

मुगभाटातल्या माझ्या दुकानात
आता खतावण्या येत नाहीत.
येतात प्रबंध, तेही मे महिन्यात:
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, उद्याच हवंय.

ऋजुता कोठारे आली तेव्हा मी खळ शिजवत होतो.
तिच्या बगलेत पंख. विमानाचा, दीड हात लांब,
बाल्साचा, इतका हलका
की हातात घेतल्यावर मी थांबलो,
ती अजून काही देईल म्हणून.
मागच्या कडेची झडप लोंबत होती.
(ती एलेरॉन म्हणते. मी झडपच म्हणतो.)
प्लॅस्टिकच्या बिजागऱ्या तिसऱ्यांदा उपटल्या होत्या.
म्हणाली, काका, तुमच्या वहीचा पुठ्ठा
एवढ्या वेळा वळून तुटत कसा नाही?

चाळीस वर्षांत लोकांनी विचारलंय फक्त
कधी मिळेल.

म्हटलं, पुठ्ठा कुठे वळतो?
आपण मध्ये जागा सोडतो.
तिथे कापड वळतं.

कापड जड पडेल, म्हणाली.
पिशवीतून फिल्मचे कपटे काढले,
पंख मढवून उरलेले, नारिंगी.
एका अंगाला चकाकी, दुसऱ्या अंगाला डिंक,
इस्त्री फिरली की जागा होणारा.
पाठीचा कागद माझ्या नखांना सुटेना.
तिने दोन्ही बाजूंना सेलोटेप चिकटवून
दोन हातांनी झटका दिला. टर्रर्र.
हे मला येत नव्हतं.

पहिली पट्टी मी जाळली.
घरची इस्त्री, सुती साडीवर ठेवलेली.
फिल्म आक्रसली, झडप
विस्तवावरच्या पापडासारखी वर उठली.
ऋजुताने इस्त्रीला जुना मोजा चढवला,
आच उतरवली, म्हणाली,
नुसतं चिकटू दे काका, आवळू नको द्यायचं.
हे मला लग्नाआधी
कुणीतरी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला झडपेची कड तिरकी तासली.
फटीत पोस्टकार्ड उभं धरलं: एवढीच जागा,
जास्त नको, कमी नको.
तिने ते उलटंपालटं करून वाचलं.
मेहुणीचं, वसईहून, सन एकोणनव्वद.
सुखरूप पोचलो. आंबे बरे निघाले.
एवढंच? म्हणाली.
एवढंच.

मग झडप पार उलटी, पंखाच्या पाठीवर निजवली.
शेजारी आलेल्या दोन कडांवरून एक पट्टी.
सरळ केली. वरून दुसरी.
इस्त्रीचं टोक फटीतून नेताना
दोघांनीही श्वास धरला,
आणि आत डिंकाला डिंक लागला.

वर. खाली.
नवी वहीसुद्धा पहिल्या उघडण्याला कुरकुरते.
ही कुरकुरली नाही.

रविवारी पहाटे तिने मला गोराईला नेलं.
मोकळं खारट मैदान, पायाखाली पापुद्रे.
विमान उठलं. मला झडप बघायची होती,
नेमकी तीच दिसेना.
विमान डावीकडे कललं, सावरलं,
तेवढ्यावरून समजायचं.
एक बगळा उगाच उडून दुसरीकडे बसला.

सातव्या मिनिटाला ते खाली आलं.
बॅटरी दमली की वारा फिरला,
तिलाही सांगता येईना.
चिखलात नाक. बाल्साचा भुगा.
आम्ही तुकडे वेचले, चपला हातात घेऊन.
पंखाचा वीतभर तुकडा सापडला,
झडप त्याला धरून,
अजून वर, अजून खाली.

कसर लागलेल्या वह्या येतात कधी कधी.
पानांची चाळण, आकडे गेलेले,
कोणी कोणाचं देणं लागत होतं ते कळत नाही,
आणि सांध्याचं कापड मात्र शाबूत.

तुकडा मी गल्ल्याशेजारच्या खिळ्याला अडकवलाय.
ऋजुता नवा पंख तासते आहे.
पोस्टकार्ड तिच्याकडेच.
गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवतं,
उद्या मिळेल ना?
मी झडप वर करतो. खाली करतो.
गुरुवारी, म्हणतो.