घर आधीच नोंदलेलं आहे

गाडी सात माणसांची, आम्ही पाच.
उरलेल्या दोन सीटांवर नारळ बसतात,
कधी दुरुस्तीला आलेला एखादा पंप.

म्हापशाच्या डीलरने इंजिन दाखवलंच नाही,
आधी पडदा दाखवला.
"बारा इंच," म्हणाला,
मासळीवाली इसवण उचलून धरते तशा आवाजात.
डाव्या मागच्या दारावर निळा ओरखडा होता,
त्याचे पाच हजार कमी केले.

मी पंपवाला. पंचवीस वर्षं
माझ्या बोटांना खटका कळतो,
लागला की नाही, सैल की घट्ट.
इथे नुसती काच.
एसी कमी करायचा तर तीन खोल्या ओलांडून आत जायचं,
तोवर मालनला दोन शिंका येतात
आणि चैताली मागून हात लांबवून
चिकट बोटाने रेडिओ बदलून टाकते.
उन्हात सगळे ठसे दिसतात.
कुठला कुणाचा, ते मी ओळखतो.

आठवड्याने कळलं, आत आधीपासून माणसं आहेत.
फोन जोडायला गेलो तर यादी उघडली:
बाल्ताझार.
फिलू.
फिलू नवा.
माय.
रेडिओच्या सहा जागांपैकी चारांवर एकच स्टेशन,
कुणीतरी शिकत असणार.
आणि घराचं चित्र काढलेलं बटण.
दाबलं तर लोटली. अकरा किलोमीटर, एक फेरी.

"सगळं पुसून टाकूं?" सर्व्हिसवाल्या आगुस्तीनने विचारलं,
"दोन मिनटां लागतात."
मग बघू म्हटलं.

एका रविवारी बायका-मुलं देवळात असताना
दाबलं पुन्हा, आणि निघालो.
दुर्भाटला फेरीबोटीत चढलो.
फळी वर गेली, किनारा सुटला,
आणि पडद्यावर माझा बाण
चक्क जुवारीत शिरला.
चहूकडे निळं, त्यात एक मी.
"रस्त्यावर परत या," ती बाई म्हणाली.
दर शंभर मीटरला म्हणाली, न चिडता.
शेजारी सायकल धरून उभा पोदेर काचेतून डोकावला:
"पात्रांव, आमी बुडले मरे?"

रासयला चाकं डांबराला लागली
तेव्हा ती गप्प झाली. मीही.

चॅपेलनंतर उतार, उताराला गेट.
कुलुपाला पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली.
बाल्कांवच्या बाकांवर पानं
समोरासमोर बसलेली.
शेजारीण कुंपणापाशी आली. गाडीकडे आधी बघितलं, मग माझ्याकडे.
"गेलीं सगळीं. इंग्लंडाक."
"माय पण?"
मला नाव कसं ठाऊक, ते तिने विचारलं नाही.
चर्चमागच्या भिंतीकडे नुसती हनुवटी केली.

वळवायला गाडी मागे घेतली.
कॅमेरा उघडला, पिवळी रेघ, लाल रेघ,
टीं टीं टीं टीं.
डावीकडचा खांब पडदाभर झाला.
निळा खांब.
कमरेएवढ्या उंचीवर रंग खरवडून
आतला चिरा दिसत होता.

कवळ्याला परतून अंगणातच बसून राहिलो,
माझा पत्ता अक्षर अक्षर घातला.
पडदा म्हणाला,
घर आधीच नोंदलेलं आहे. बदलायचं?
हो आणि नाही, दोन्ही बटणं सारख्याच मापाची.
दाबलं. खटका आला नाही.

तेवढ्यात दिसलं, ऑफिसची जागा मोकळी होती.

आता रोज सातला दुकानाचं शटर ओढलं
की गाडी सांगते:
ऑफिसला बारा मिनिटं, रहदारी कमी.
तुळशीपाशी हँडब्रेक ओढतो तेव्हा म्हणते,
आपण ऑफिसला पोचलात.
मालनने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला,
आगुस्तीनकडे ने म्हणाली, आजच ने.
मी चपला काढतो, पाय धुतो,
आतून चैताली ओरडते,
साहेब आले, चहा ठेवा!